हॉस्पिटलचा शेअर आत्ता घ्यावा का? आधी येणी बघा, मग खाटा
मी बरीच वर्षं हॉस्पिटलच्या बिलिंग विभागात काढली. त्यामुळे आरोग्यसेवा कंपनीचा वार्षिक अहवाल हातात आला की नफ्याआधी मी येणी बघते. पेशंट घरी जातो, बिल उत्पन्नात धरलं जातं, पैसे मात्र विमा कंपनीकडून किंवा सरकारी योजनेतून काही महिन्यांनी येतात, तेही कधीकधी कापून. आमच्याकडे अशा अडकलेल्या फायलींचं एक अख्खं कपाट होतं. ५ वर्षांचा नफा आणि कामकाजातून आलेली रोकड शेजारीशेजारी लिहून काढा. रोकड सतत मागे पडत असेल, तर कारण कळेपर्यंत शेअर घेऊ नका.

मग खाटा. १००० पैकी ६०० भरलेल्या असतील तर वाढीला जागा आहे. नर्स, वीज, यंत्रं यांचा बराचसा खर्च खाट रिकामी असली तरी होतोच. म्हणून पुढच्या प्रत्येक भरलेल्या खाटेतून नफा झपाट्याने वाढतो. नवं हॉस्पिटल मात्र सहसा सुरुवातीला तोटाच दाखवतं, तेव्हा जुन्या-नव्यांचे आकडे वेगळे करून वाचा.

भाव सगळ्यात शेवटी. नुसता पीई, म्हणजे शेअरचा भाव दर शेअरमागच्या नफ्याच्या किती पट आहे तो आकडा, पुरत नाही. कंपनीच्या बाजारमूल्यात (सगळ्या शेअर्सची आजच्या भावाने एकूण किंमत) तिच्यावरचं कर्ज मिळवा, हातातली रोकड वजा करा, आणि ही रक्कम व्याज-कर-घसाऱ्याआधीच्या नफ्याच्या किती पट येते ते त्याच कंपनीच्या मागच्या सरासरीशी ताडून बघा. सरासरी २० पट, आज ३० पट आणि खाटा आधीच भरत आलेल्या, असं असेल तर मी थांबते.