विशेषणांवर बंदी घातल्यावर

फोंड्याजवळच्या एका शाळेत मी दहावीला मराठी शिकवते. १९६५ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या पुलंच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’मधील अंतू बर्व्यावर मुलांना लिहायला सांगितले, तेव्हा बहुतेक वह्यांत ‘अंतू विनोदी, तिरकस आणि हजरजबाबी आहे’ हेच वाक्य आले. दोष माझाही होता, कारण फळ्यावर ‘स्वभावविशेष’ असा मथळा देऊन मीच विशेषणांची यादी मागवली होती.

रकाने आखून पाहिले; मुलांनी ते सरकारी अर्जासारखे भरले. मग मी आठवडाभर विशेषणांवरच बंदी घातली आणि आधी रोज सकाळी सायकलवरून दारात येणाऱ्या पोदेरावर, म्हणजे पाववाल्यावर, लिहायला लावले. ‘तो प्रेमळ आहे’ असे लिहिणाऱ्या मुलीला ‘कशावरून?’ असे विचारल्यावर ती थोडे थांबून म्हणाली, ‘आजी आजारी आहे, म्हणून आमच्या दारासमोर तो हॉर्न वाजवत नाही, नुसता सायकल टेकवून उभा राहतो.’ तेवढेच लिही, असे मी तिला सांगितले.

त्यानंतर पुन्हा अंतूकडे वळलो. घरात वीज घेण्यापेक्षा काळोखच बरा, कारण उजेडात दारिद्र्यच दिसायचे, या आशयाचे त्याचे बोलणे घेऊन मी दोनच प्रश्न दिले: तो काय सांगतो आणि काय झाकतो? एका मुलाने लिहिले, ‘आपली गरिबी दुसऱ्याने बोलून दाखवण्याआधी तो स्वतःच तिची थट्टा करतो.’ शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. त्या मी त्या दिवशी दाखवल्या नाहीत.

चार-पाच वह्यांत अजूनही गाइड डोकावते. तिथे समासात मी फक्त ‘कशावरून?’ एवढेच लिहिते.