कावा, काशाची वाटी आणि शवासन : निवांत रात्रीसाठी एक क्रम

कावा हे प्रशांत महासागरातील फिजी, व्हानुआटू, टोंगा, सामोआ या बेटांवर पिकणाऱ्या एका झुडपाचे मूळ आहे. केशर-बदाम घातलेल्या काश्मिरी काहव्याशी नावापलीकडे त्याचे काहीही नाते नाही. नाते आहे ते आपल्या विड्याच्या पानाशी, कारण नागवेल, काळी मिरी, पिंपळी आणि कावा या चारही वनस्पती 'पायपर' या एकाच प्रजातीत मोडतात. त्या बेटांवर हे मूळ कुटून, पाण्यात मळून, गाळून पाहुण्यांच्या स्वागतात आणि गावाच्या बैठकीत प्यायले जाते. गिरमिटीया, म्हणजे करारबद्ध मजूर, म्हणून १८७९ पासून फिजीत गेलेल्या भारतीयांच्या वंशजांनीही ते आपलेसे केले आहे आणि ते त्याला 'ग्रॉग' म्हणतात.

मी कोल्हापुरात रंकाळ्याजवळ योगवर्ग घेते. फिजीहून सुट्टीवर आलेल्या एका विद्यार्थिनीने कावाच्या भुकटीचा पुडा आणून दिला, तेव्हापासून 'मालिश आणि आसनांबरोबर हे घ्यावे का, आणि घ्यायचे तर केव्हा' हा प्रश्न वर्गात वारंवार येऊ लागला. माझे उत्तर असे आहे की निरोगी, प्रौढ माणसाने ते क्वचित आणि थोडे घेण्यास हरकत नाही, परंतु क्रम चुकता कामा नये. कावा स्नायू सैलावतो आणि वेदना बोथट करतो, म्हणजे शरीर आपल्याला जे सांगत असते ते काही वेळ दबवतो. म्हणून शरीराचे ऐकण्याची सारी कामे त्याच्या आधी उरकली पाहिजेत.

याचा धडा मला स्वतःला मिळाला. पहिल्या वेळी मी आधी अर्धा पेला प्यायले आणि मग आसनांना बसले. अर्ध्या तासाने वृक्षासनात उभी राहिले तर टेकवलेला पाय डळमळू लागला, आणि पश्चिमोत्तानासनात मांडीची मागची शीर किती ताणली आहे याचा अंदाजच येईना. त्या वेळी मी नेहमीपेक्षा पुढे वाकू शकले याचा आनंद झाला होता; दुसऱ्या दिवशी मात्र ती शीर चांगलीच ठणकत होती.

त्यामुळे आसने सर्वांत आधी. संध्याकाळी, जेवणानंतर किमान तीन तासांनी किंवा जेवणाआधी, मार्जरासन, बालासन, सुप्त बद्धकोणासन आणि भिंतीला पाय लावून विपरीत करणी एवढे पंचवीस मिनिटांत सावकाश करावे. प्रत्येक आसनात श्वास सोडण्याचा काळ घेण्याच्या काळापेक्षा लांब ठेवावा, कारण मन निवण्याचे निम्मे काम तेथेच होते. शवासन मात्र येथे करू नये, ते शेवटासाठी राखून ठेवावे.

मालिशीचे दोन प्रकार येथे वेगळे धरले पाहिजेत. कोल्हापुराला मालिश कोणी शिकवायची गरज नाही; माझे मामा तालमीत वाढलेले, आणि मेहनत झाल्यावर वस्ताद पोरांच्या पाठीवर कोपराने जो जोर देत त्याचे वर्णन ते अजूनही डोळे मिटून करतात. अशी खोल, दाबाची मालिश घ्यायची असेल त्या दिवशी कावा घेऊच नये. मालिश करणाऱ्याला आपण 'बास, येथे दुखते' हे वेळेवर सांगणे हेच तिचे संरक्षण असते, आणि स्नायू सैलावणाऱ्या, वेदना बोथट करणाऱ्या पेयानंतर ते सांगितले जात नाही. शिवाय मालिश केंद्रातून घरी दुचाकीवरून यायचे असते. कावा प्यायल्यावर गाडी चालवणे हे दारू पिऊन चालवण्याइतकेच वर्ज्य समजावे.

कावाबरोबर जमते ती आपली घरातली पादाभ्यंगाची पद्धत. काशाची वाटी घ्यावी, तळव्याला साजूक तूप लावावे आणि टाचेकडून बोटांकडे, मग चवड्यावर गोल, अशी वाटी न दाबता फिरवावी. थोड्या वेळाने तूप करडे होते, मग काळपट होते आणि वाटीचा तळ तळव्यावर किंचित अडखळत सरकू लागतो. तेव्हा आणखी थोडे तूप घ्यावे. प्रत्येक पायाला दहा मिनिटे पुरतात. घरातल्या कोणी करून दिले तर उत्तमच, पण स्वतःचे स्वतःही सहज करता येते.

कावाचा पेला या पादाभ्यंगाच्या लगेच आधी घ्यावा. रिकाम्या पोटी त्याचा परिणाम साधारण वीस ते तीस मिनिटांत जाणवू लागतो, म्हणजे दुसरा पाय संपत येतो त्याच सुमारास. तांबडा-पांढरा रस्सा ओरपून लगेच घेतला तर तो उशिरा आणि अनिश्चित लागू पडतो, आणि 'काहीच होत नाही' म्हणून माणूस दुसरा पेला भरतो. ती चूक टाळावी.

पेय करण्याची रीत सोपी आहे, पण घाईची नाही. फक्त मुळाचीच भुकटी घ्यावी. पाने, खोड किंवा खोडाची साल मिसळलेली नको. पुड्यावर 'नोबल' जातीचा उल्लेख असावा, 'टूडे' नावाची जात टाळावी, कारण तिची गुंगी आणि मळमळ दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळते. पहिल्यांदा पाच ग्रॅम भुकटी मलमलच्या फडक्यात सैल बांधावी, पाव लिटर कोमट पाण्यात बुडवावी आणि आठ-दहा मिनिटे धीराने मळत, पिळत राहावे. कावातील गुणकारी घटक, म्हणजे कावालॅक्टोन, पाण्यात नीट विरघळत नाहीत, ते मळण्यानेच बाहेर येतात. चहासारखे उकळून भागत नाही. पाणी मातकट, गढूळ दिसू लागले की पुरचुंडी घट्ट पिळून बाजूला ठेवावी. चव मातीची आणि कडवट असते, जीभ व ओठ काही मिनिटे बधिर होतात. ते घाबरण्याचे कारण नाही, कावाची ती खूणच आहे. साखर घालून ती लपवण्यापेक्षा दोन घोटांत प्यावे आणि वर संत्र्याची एक फोड खावी.

पाय पुसून झाले की त्याच खोलीत, दिवा मंद करून, अंगावर चादर घेऊन वीस मिनिटे शवासन करावे आणि तेथूनच अंथरुणावर जावे. स्वयंपाकघरात परत जाऊन गॅस पेटवणे, जिना चढणे, गरम पाण्याने आंघोळ करणे ही कामे आधीच आटोपलेली असावीत.

आता जे टाळायचे त्याविषयी, आणि येथे मी मुद्दाम सविस्तर लिहिते. कावा घेणाऱ्या काही व्यक्तींमध्ये यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळेच जर्मनीने २००२ मध्ये कावाच्या औषधांचे परवाने मागे घेतले आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ग्राहकांना सावध केले. म्हणून यकृताचा कोणताही जुना आजार असेल, रोज दारू घेतली जात असेल, किंवा त्याच दिवशी पॅरासिटामॉल घेतले असेल तर कावा नको. झोपेच्या, चिंतेच्या, नैराश्याच्या किंवा अपस्माराच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये, कारण कावा इतर औषधांच्या यकृतातील विघटनात अडथळा आणतो. गरोदर व स्तनपान देणाऱ्या स्त्रिया, अठरा वर्षांखालील मुले आणि पार्किन्सनचे रुग्ण यांच्यासाठी तो नाहीच. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना कावाविषयी सांगावे. डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद होणे, अंगाला खाज सुटणे, अन्नावरची वासना जाणे यांपैकी काहीही दिसल्यास त्या क्षणी थांबावे आणि दवाखाना गाठावा.

आठवड्यात एकदा, फार तर दोनदा, आणि सलग महिनाभर घेतल्यावर महिनाभर विश्रांती असे मी स्वतः पाळते. दीर्घकाळ रोज आणि भरपूर पिणाऱ्यांची त्वचा कोरडी होऊन खवल्यांसारखी सोलवटते. शांततेसाठी एवढी किंमत मोजण्याची गरज नाही. ज्या दिवशी कावा नसतो त्या दिवशीही आसने, काशाची वाटी आणि शवासन यांचा क्रम मी तसाच ठेवते, आणि बहुतेक रात्री त्यानेच डोळा लागतो.

भुकटी साठवताना आपल्या पावसाचा विचार करावा. जून ते सप्टेंबर या काळात कोल्हापुरात पापड आणि तिखटही सादळते, तेथे अर्धा उघडा पुडा टिकणे शक्य नाही, आणि यकृताच्या काही प्रकरणांत बुरशी लागलेल्या मालावरही संशय घेतला गेला आहे. ती घट्ट झाकणाच्या कोरड्या काचेच्या बरणीत ठेवावी, चमचा कोरडा असावा, आणि गुठळी किंवा कुबट वास आढळला तर पुडा कितीही महाग असला तरी तो टाकून द्यावा.