पक्षी जवळ आला, तरी फोटो का बिघडतो? प्रकाशाच्या आणि पार्श्वभूमीच्या या चुका टाळा

पक्ष्यांचे फोटो काढायला सुरुवात केली की पक्षी दिसताच त्याच्याकडे चालत जायची सवय लागते. तो उडतो, आपण पुन्हा मागे. हाती येतात पाठमोरे, बिथरलेले, फांद्यांच्या जंजाळात अडकलेले पक्षी. माझं ठाम मत आहे की आधी प्रकाश बघावा, मग पार्श्वभूमी, आणि मग तिथे पक्षी येईपर्यंत एका जागी बसावं. खालच्या बऱ्याचशा चुका हे न केल्यामुळे होतात.

भर दुपारी फोटो काढणं

सूर्य डोक्यावर असला की पक्ष्याची पाठ पांढरीफटक दिसते, पोट काळं पडतं आणि डोळा सावलीत जातो. डोळ्यात प्रकाशाचा ठिपका नसेल, तर जिवंत पक्षीसुद्धा निर्जीव वाटतो. सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा साधारण तासभर सगळ्यात कामाचा. सूर्य खाली असताना किरणांना हवेचा जास्त जाड थर ओलांडावा लागतो, निळा रंग वाटेत विखुरतो आणि उरलेला सोनेरी, तिरपा प्रकाश थेट डोळ्यात आणि छातीच्या पिसांवर पडतो. पाण्यावर किंवा फिकट वाळूवर मात्र थोडा उशीर चालतो, कारण खालून परतणारा उजेड पंखांची खालची बाजूही उजळतो.

हा सोनेरी रंग ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने आपोआप केलेली रंगछटेची दुरुस्ती, बरेचदा पुसून टाकतो. व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर, म्हणजे ५२०० ते ५५०० केल्विनच्या आसपास ठेवा आणि रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची मूळ माहिती जपणारी फाइल, घ्या.

ढगाळ दिवशी कॅमेरा बॅगेत ठेवून देऊ नका. पांढऱ्या आणि काळ्या पक्ष्यांच्या पिसांचा पोत त्या मऊ उजेडात फार सुंदर येतो. फक्त फ्रेममध्ये आकाश येऊ देऊ नका, ते कोरं पांढरं दिसतं.

सूर्य कायम पाठीशीच हवा असं मानणं

सुरुवातीला हा नियम चांगला आहे: आपली सावली पक्ष्याच्या दिशेने पडत असेल, तर प्रकाश बरोबर आहे. पण तिथेच थांबलात तर बरंच काही निसटतं. सूर्य पक्ष्याच्या मागे असेल आणि पार्श्वभूमी गडद, सावलीतली असेल, तर पिसांच्या कडा पेटल्यासारख्या उजळतात. विणीच्या हंगामात बगळ्याच्या पाठीवर येणारी झालरीसारखी पिसं असा प्रकाश मिळाला की काय दिसतात! अशा वेळी लेन्स हूड, म्हणजे बाजूचं ऊन अडवणारी लेन्सपुढची कड, लावलेलंच असू द्या.

छायाकृती काढायची असेल तर एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, आकाशाचं घ्या आणि पक्षी पूर्ण बाजूने दिसेपर्यंत थांबा. चोच शरीराच्या आकारात मिसळली की तो पक्षी राहत नाही, नुसता काळा गोळा होतो.

वाऱ्याकडे दुर्लक्ष

प्रकाशाइतकाच वारा महत्त्वाचा आहे, आणि याबद्दल फारच कमी बोललं जातं. पक्षी शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उडतात आणि तसेच उतरतात. सकाळी सूर्य पूर्वेला आणि वाराही पूर्वेकडून असेल, तर सूर्य पाठीशी घेऊन बसलेल्या माणसाकडे पक्षी तोंड करून येतो आणि चेहऱ्यावर पूर्ण उजेड असतो. तोच वारा पश्चिमेकडून असेल, तर प्रकाश कितीही देखणा असो, उडणाऱ्या पक्ष्याची शेपटीच जास्त मिळेल. त्या दिवशी बसलेल्या पक्ष्यांवर लक्ष द्या किंवा जागा बदलून बाजूचा, नाहीतर मागचा प्रकाश वापरा.

कॅमेऱ्याच्या मीटरवर डोळे मिटून विश्वास

मीटर, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडमापक, दृश्याचा उजळपणा मध्यम करड्या रंगाच्या आसपास आणायला बघतो. गडद पाण्यापुढे उभा असलेला पांढरा बगळा त्याच्या हिशेबात फारसा मोजला जात नाही. मीटर पाणी उजळवतो आणि बगळा जळतो, म्हणजे कोरा पांढरा होतो. जळलेल्या पांढऱ्यात पिसांचा तपशील नंतर परत आणता येत नाही. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या हिशेबापेक्षा फोटो उजळ किंवा गडद करायचं सेटिंग, उणे १ च्या आसपास न्या. उजळ आकाशापुढे काळा पक्षी असेल, तर अधिक १ ते २. कॅमेऱ्यातली हायलाइट वॉर्निंग सुरू ठेवा, म्हणजे जळालेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो. प्रकाश स्थिर असेल तर सरळ मॅन्युअल मोडवर, म्हणजे सगळी सेटिंग स्वतः ठरवण्यावर, जा, कारण उडता पक्षी झाडीपुढून आकाशापुढे गेला तरी त्याच्यावर पडणारं ऊन तेवढंच असतं.

उभ्यानेच फोटो काढणं

पाणथळ जागी चालणाऱ्या पक्ष्याचा फोटो उभ्याने काढला की मागे चिखल येतो, तोही पक्ष्याइतकाच स्पष्ट. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणा: बसा, झोपा, स्क्रीन वर वळवून खालून बघा. आता मागे चिखलाऐवजी दूरचा काठ येतो आणि तो विरघळून जातो. पार्श्वभूमी मऊ होण्याचं खरं गणित अंतराचं आहे. पक्षी आपल्यापासून ८ मीटरवर आणि झाडी त्याच्या मागे ३० मीटरवर असेल, तर साध्या लेन्सलाही छान धूसर पडदा मिळतो. पक्षी झुडपालाच टेकलेला असेल, तर महागडी लेन्ससुद्धा काही करू शकत नाही.

शटर दाबण्याआधी पक्ष्याच्या डोक्यामागे काय आहे ते बघा. तिथून फांदी किंवा उजळ डाग जात असेल, तर एक पाऊल बाजूला सरकणं पुरतं.

आणि फ्रेम पक्ष्याने भरलीच पाहिजे असं नाही. धुक्यातलं गवत, लांबवर पसरलेलं पाणी आणि त्यात लहानसा पक्षी, हा फोटो तो कुठे आणि कसा जगतो हे सांगतो. मला स्वतःला असे फोटो जास्त आवडतात.

फोटो धारदार येत नाही

लगेच लेन्सला दोष देऊ नका. फोटो १०० टक्के मोठा करून नीट बघा.

फ्रेममधलं सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल, तर कॅमेरा हलला आहे. शटरचा वेग वाढवा किंवा बीनबॅग (कॅमेरा टेकवायची भरलेली पिशवी), ट्रायपॉड वापरा. फांदी स्पष्ट आणि तिच्यावरच्या पक्ष्याची मान पुसट असेल, तर पक्षी हलला आहे: शटर बसलेल्या पक्ष्याला निदान १/५०० सेकंद, लहान पक्ष्याच्या उड्डाणाला १/२००० ते १/३२०० सेकंद ठेवा आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता, वाढायला घाबरू नका. त्याने येणारा नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, कमी करता येतो, हललेला फोटो सावरता येत नाही. पुढचं पान स्पष्ट आणि पक्षी पुसट असेल, तर फोकस चुकला आहे. दाट झाडीत डोळा ओळखणारा फोकसही कधीकधी काडी पकडतो, तिथे एकच लहान बिंदू निवडा. ६०० मिमी लेन्सवर, एफ/६.३ या अ‍ॅपर्चरला (लेन्सच्या छिद्राच्या मापाला), १० मीटरवरच्या पक्ष्याभोवती जेमतेम १० सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. ५ मीटरवर तो अडीच सेंटिमीटरच्या आसपास उरतो. म्हणून फोकस डोळ्यावरच हवा.

आणि सगळंच मऊ, कडा लहरल्यासारख्या दिसत असतील, तर ती तापलेल्या हवेची थरथर आहे. ऊन चढल्यावर जमिनीलगत ती हमखास असते. थंड सकाळी गरम गाडीच्या खिडकीतून फोटो काढतानाही होते. यावर सेटिंगचा इलाज नाही. अंतर कमी होईल अशा जागी आधीच बसा किंवा जमीन थंड असताना या.

उडत्या पक्ष्याचे पंख विचित्र वाकलेले दिसले, तर इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकलवर या. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, तेवढ्या वेळात पंख पुढे गेलेला असतो.

पक्ष्याला त्रास होतोय हे न ओळखणं

ही चूक मला सगळ्यात जास्त टोचते. पक्ष्याने खाणं थांबवून मान ताठ केली, सतत इशाऱ्याचे आवाज काढू लागला, चोचीत भक्ष्य धरून घरट्याकडे न जाता आजूबाजूलाच घोटाळत राहिला, तर आपण फार जवळ आहोत. लगेच मागे व्हा. पालक घरट्यापासून दूर राहिले की अंडी गार पडतात किंवा उन्हाने तापतात, पिल्लं उपाशी राहतात आणि शिकारी पक्ष्यांना घरटं सापडतं. चांगल्या फ्रेमसाठी घरट्याभोवतीची फांदी कापणं तर अक्षम्य आहे. तीच फांदी पिल्लांची सावली आणि आडोसा असते. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नका. तो त्याला हद्दीत शिरलेला प्रतिस्पर्धी समजतो आणि खाण्यात, पिल्लांत लावायची शक्ती त्याच्यामागे खर्च करतो.

दुर्मीळ पक्षी किंवा घरट्याचा फोटो इतरांना दाखवण्याआधी फाइलमधली जीपीएसची माहिती काढून टाका आणि जागेचं नाव लिहू नका.