उन्हाळ्यात सेन्सरला आई दिसेना

आई परभणीजवळच्या गावी एकटी राहते, म्हणून तिच्या खोलीत हालचाल टिपणारा सेन्सर लावलाय. दुपारी 3 तास हालचाल दिसली नाही की मला मोबाइलवर अलार्म येतो. मे महिन्यात तो रोज वाजायला लागला. दरवेळी काळजात धस्स व्हायचं. फोन केला की आई म्हणायची, "अरे, मी ज्वारी निवडायले की!"

बॅटरी बदलली, जागा बदलली, फरक शून्य. मग कारण सापडलं. हा पीआयआर सेन्सर अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यांतला फरक टिपतो. पत्र्याच्या खोलीत भिंतीच अंगाइतक्या तापल्या, तर फरक उरणार कुठून?

म्हणून स्वयंपाकघर आणि न्हाणीच्या दारांना चुंबकाचे सेन्सर लावले, दार उघडलं-मिटलं की कळवणारे. त्यांना उन्हाचं काही नाही. न्हाणीचं दार लोखंडी, त्यामुळे चुंबकाची ओढ कमी पडत होती; मध्ये लाकडाची पातळ पट्टी घातली, जमलं. लाइट गेली तरी निरोप यावा म्हणून राउटरला छोटा बॅकअप जोडला.

गळ्यातलं मदतीचं बटण आई खुंटीला टांगायची. तिला रागावलो नाही. दुसरं बटण न्हाणीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर बसवलं. पडलेल्या माणसाचा हात तिथंच पोचतो. तिनं खाली बसून स्वतः दाबून पाहिलं.