वेलाचा मांडव कलतो कशामुळे? या चुका टाळा

लाकडी मांडव किंवा ताटी (वेलासाठी उभी जाळीदार चौकट) बांधताना सगळे लक्ष वरच्या जाळीकडे असते. मोडतो मात्र तो खाली, मातीलगत. खोल पुरलेल्या लाकडाला हवा कमी मिळते आणि उघड्यावरचे लाकूड पावसानंतर वाळते. मधल्या वीतभर भागात ओल आणि हवा दोन्ही असतात, आणि कुजवणाऱ्या बुरशीला तेच हवे असते. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या खाली राहिली तर ही बुरशी सहसा वाढत नाही. तेव्हा बांधताना प्रत्येक ठिकाणी एकच विचारायचे: इथे पाणी साचेल का?

खांब पुरताना

खड्ड्यात खांब उभा करायचा, भोवती काँक्रीट ओतायचे आणि माथा सपाट करून टाकायचा, ही नेहमीची चूक. लाकूड वाळले की आकसते, काँक्रीटपासून सुटते आणि त्या फटीत पाणी जाऊन बसते. काँक्रीट घालायचेच असेल तर तळाशी 10 ते 15 सेंमी खडी टाका, खांबाचे टोक थेट खडीवर टेकवा आणि माथ्याला खांबापासून बाहेर उतार द्या. माझे मत विचाराल तर काँक्रीटमध्ये लोखंडी पट्ट्या पक्क्या कराव्यात आणि खांब जमिनीपासून चार बोटे वर ठेवून त्यांना बोल्टने आवळावा. पुढे खांब बदलायचा झाला तर खणायला नको.

थेट पुरणार असाल तर 2 मीटर उंच ताटीसाठी खांब निदान 60 सेंमी खोल हवा, भुसभुशीत मातीत आणखी खोल. वेलाचे वजन लोक धरतात, वारा विसरतात. पानांनी भरलेली ताटी शिडासारखी वारा अडवते. नुसत्या उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकट वाऱ्याने तिरपी होते. कोपऱ्यात एक तिरकी पट्टी ठोकली की त्रिकोण तयार होतो आणि चौकट जागची हलत नाही. दिसायला बरी नाही म्हणून ही पट्टी टाळणारे पुष्कळ आहेत.

वेल चढतच नाही

इथे दोष बहुधा पट्टीच्या जाडीत असतो. काकडी, कारले, वाटाणा हे ताण्यांनी, म्हणजे वेलाला फुटणाऱ्या दोऱ्यासारख्या तंतूंनी, धरतात. ताणा बारीक असतो, त्याला पेन्सिलीएवढी काडी किंवा सुतळी लागते. चार बोटे रुंद पट्टीभोवती तो वळूच शकत नाही. अशा वेलांसाठी लाकडी चौकट मजबूत करा आणि आत सुतळी किंवा जाळी ताणा. घेवडा आणि मधुमालती खोडानेच विळखा घालतात, त्यांना जाड काठीही चालते, पण ती उभी हवी. बोगनवेल आणि वेली गुलाब स्वतःहून काहीच धरत नाहीत, त्यांना बांधावेच लागते. बांधताना दोरीला खोड आणि पट्टी यांच्यामध्ये पीळ द्या, म्हणजे खोड घासत नाही. गाठ सैल ठेवा, खोड जाड होणार आहे.

बहुवर्षी वेलाचे शेंडे जाळीतून आत-बाहेर ओवायचा मोह होतो. करू नका. खोड फुगले की पट्ट्या उचकटते, आणि रंगकामासाठी वेल सोडवायचा तर कापावाच लागतो. समोरच्या बाजूने बांधा.

भिंतीला टेकवलेली ताटी हीसुद्धा तशीच चूक. मागे ठोकळे देऊन 5 ते 8 सेंमी जागा सोडा, म्हणजे हवा खेळेल आणि वेलाला मागून वळता येईल. जाळीची घरे हात आत जाईल एवढी ठेवा, नाहीतर पलीकडे लागलेली काकडी अलीकडून काढता येत नाही.

लाकूड आणि जोड

गाभ्याचे लाकूड टिकते, कडेचे फिकट लाकूड लवकर कुजते. खांबासाठी निवडताना एवढे पाहिलेत तरी पुरे. ओले लाकूड वापरले तर वाळल्यावर जोड ढिले पडतात. पट्टीच्या टोकाजवळ भोक न पाडता स्क्रू घातला की ती चिरते, बांबू तर हमखास. स्क्रू गंजरोधक घ्या.

तेल किंवा रंग देताना कापलेली टोके विसरू नका. लाकूड पाणी सर्वांत जास्त तिथूनच पिते. जुने इंजिन ऑइल फासण्याचा सल्ला सर्रास मिळतो, पण ते मातीत उतरते. भाजीच्या वेलांजवळ तर नकोच.

हंगामात मांडव कलला तर

आधी जमिनीलगत खांबात स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. तो सहज आत गेला तर खांब कुजला आहे आणि भोवतीची माती कितीही ठोकली तरी उपयोग नाही. टणक लागला तर फक्त माती ढिली झाली आहे: खांब सरळ करा, खडी-माती थराथराने ठोका आणि तिरका टेकू द्या. कुजलेला खांब भर बहरात उपटू नका, मुळे तुटतील. शेजारी आखूड नवा खांब पुरा, जुन्याच्या धडक्या भागाला दोन बोल्टने आवळा आणि खालचा कुजका तुकडा कापून टाका. पूर्ण खांब बदलायचे काम छाटणीच्या वेळी काढा.