पलटणीतल्या आजोबांचा माग: महायुद्धात ते नेमके कुठे होते, हे कसे शोधावे

"आजोबा बसऱ्याला होते." "पणजोबा मिसरात लढले." कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी घरांत महायुद्धाची आठवण एवढ्या एका वाक्यापुरती उरली आहे. पहिल्या महायुद्धात भारतातून १० लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी भारतीय सैन्य २५ लाखांच्या घरात होते. एवढ्या गर्दीत साध्या शिपायाचे नाव क्वचितच कागदावर आले. त्याच्या पलटणीचा प्रवास मात्र बऱ्याचदा तारीखवार लिहून ठेवलेला आहे. तेव्हा आधी पलटण शोधायची आणि मग तिच्या वाटेने आजोबांपर्यंत पोहोचायचे.

घरातली ट्रंक आधी उघडा

चार गोष्टी हव्यात: शिपाई नंबर, हुद्दा, पलटण आणि भरतीच्या व सेवेतून सुटल्याच्या तारखा. डिस्चार्ज सर्टिफिकेट किंवा पेन्शन बुक सापडले तर चारही हाती येतात. नुसता नंबर पुरत नाही, कारण त्या काळी वेगवेगळ्या पलटणींत तोच नंबर दोघांना असू शके.

'मराठा पलटण' एवढ्यावरही थांबू नका. बहुतेक शोध इथेच भरकटतात. १९२२ च्या पुनर्रचनेआधी १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ अशा क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. त्यांतल्या १०३, ११० आणि ११७ मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कुटच्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. पुनर्रचनेनंतर या सगळ्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्री या रेजिमेंटच्या बटालियन, म्हणजे तिच्यातल्या वेगवेगळ्या पलटणी, झाल्या. कागदावर '३/५' असे दिसले तर पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन असे वाचायचे.

हा छोटा आकडा फार महत्त्वाचा आहे. दुसऱ्या महायुद्धात १/५ इटलीत होती. २/५ जून १९४२ मध्ये लिबियातले तोब्रुक पडले तेव्हा कैद झाली. ३/५ ने १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरेनची लढाई केली आणि पुढे तीही इटलीत गेली. नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या पराक्रमाबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो याच बटालियनमधला. ४/५ मात्र १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाक-इम्फाळच्या डोंगरांत जपान्यांशी झुंजत होती. रेजिमेंट एकच, पण चार जणांची चार वेगळी युद्धे.

शिवाय सगळेच मराठी शिपाई मराठा पलटणीत नव्हते. पूल-रस्ते बांधणाऱ्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, १९४१ मध्ये उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटमध्ये, रसद, वाहतूक आणि इस्पितळांच्या तुकड्यांत हजारो जण होते. आजोबा 'गाडी चालवायचे' किंवा 'पूल बांधायचे' असे कोणी सांगत असेल तर ते लिहून ठेवा, तोही धागाच आहे.

पदके आणि फोटो काय सांगतात

पदकाची कड भिंगाखाली पाहा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असतात. दुसऱ्या महायुद्धाच्या ताऱ्यांवर, म्हणजे ताऱ्याच्या आकाराच्या पदकांवर, समोरच रणक्षेत्र लिहिलेले असते आणि त्यासाठीच्या तारखा ठरलेल्या आहेत: आफ्रिका स्टार १० जून १९४० ते १२ मे १९४३, इटली स्टार ११ जून १९४३ ते ८ मे १९४५, बर्मा स्टार ११ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५. तारा हरवून नुसती फीत उरली असेल तरी हरकत नाही. लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल फीत इटलीची, मधोमध रुंद लाल आणि दोन्ही बाजूंना निळा-नारिंगी पट्टा असलेली बर्माची.

तारा नाही म्हणून आजोबा परदेशी गेलेच नाहीत, असे मात्र समजू नका. इराक-इराणमधल्या फौजेसाठी, म्हणजे 'पैफोर्स'साठी, वेगळा तारा काढलाच नव्हता.

फोटोत खांद्यावरचे चिन्ह दिसत असेल तर डिव्हिजन, म्हणजे अनेक पलटणींची मोठी फौज, कळते. गरुड चौथ्या भारतीय डिव्हिजनचा, झुंजणारा कोंबडा तेविसाव्या डिव्हिजनचा, काळ्या चौकोनात गोल असेल तर पाचवी.

कागद कुठे मागायचा

भारतीय शिपायांच्या वैयक्तिक नोंदी लंडनला गेल्या नाहीत, त्या इथेच राहिल्या. प्रत्येक रेजिमेंटचे स्वतःचे रेकॉर्ड ऑफिस असते: मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला. अर्जात नंबर, नाव, वडिलांचे नाव, मूळ गाव आणि जुना तालुका लिहा, नात्याचा पुरावा जोडा आणि 'शीट रोल'ची प्रत मागा. भरती, बदल्या आणि परदेशातली सेवा त्यात असते. ज्यांना पेन्शन नव्हते त्यांचे कागद ठराविक वर्षांनी नष्ट करण्याचा नियम होता, त्यामुळे नकार आला तरी खचू नका.

तसा नकार आला तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. महाराष्ट्र सरकारने दुसऱ्या महायुद्धातल्या पेन्शन नसलेल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना मासिक अनुदान दिले. आजीने तेव्हा अर्ज केला असेल तर त्या फायलीत नंबर आणि पलटण असण्याची चांगली शक्यता आहे.

आता पलटणीची डायरी

परदेशात लढणारी प्रत्येक पलटण 'वॉर डायरी' लिहीत असे: आज मुक्काम कुठे, कूच कधी, किती जखमी. शिपायाचे नाव त्यात क्वचितच येते, पण जागा आणि तारखा पक्क्या असतात. या डायऱ्या इंग्लंडमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. पहिल्या महायुद्धाच्या 'डब्ल्यूओ ९५' या मालिकेत सापडतात. दुसऱ्याच्या मध्यपूर्व आणि आफ्रिकेसाठी 'डब्ल्यूओ १६९', इटलीसाठी 'डब्ल्यूओ १७०' आणि ब्रह्मदेशासाठी 'डब्ल्यूओ १७२' पाहा. सूची घरबसल्या चाळता येते. भारताच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळही सोबत तपासा.

इथे एक सावधगिरी हवी. ३/५ केरेनला लढली म्हणून आजोबा केरेनला होतेच असे नाही. भरती १९४२ ची असेल तर ते मागाहून पाठवलेल्या कुमकेतले आणि केरेन त्यांनी पाहिलेच नसेल. डायरीतली तारीख नेहमी भरतीच्या तारखेशी ताडून पाहा.

घरात पत्रे असतील तर त्यांत गावाचे नाव शोधू नका. सेन्सॉर ते राहू देत नसे. शिक्क्यातला फील्ड पोस्ट ऑफिसचा, म्हणजे फौजेसोबतच्या टपाल कार्यालयाचा, क्रमांक आणि तारीख टिपा. डाक-इतिहासाच्या अभ्यासकांनी कोणते पोस्ट कधी कुठे होते याच्या याद्या केल्या आहेत.

जे परतले नाहीत

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर युद्धात मरण पावलेल्यांची नोंद विनामूल्य शोधता येते. अडचण असते ती स्पेलिंगची. इंग्रजी कारकुनाने 'जाधव'चे काय केले असेल याचे चार-पाच प्रकार करून पाहा. आडनाव गळून नुसते नाव राहिल्याचीही उदाहरणे आहेत. म्हणून पलटण आणि मृत्यूचे वर्ष टाकून यादी काढावी आणि त्यात वडिलांचे नाव व गाव ओळखावे. जिल्हे जुने असतील: रायगड तिथे कुलाबा आहे आणि आजचा सिंधुदुर्ग रत्नागिरीत.

हिंदू शिपायांना अग्नी दिला जाई, म्हणून बहुतेकांची कबर नसते, नाव स्मारकावर असते: फ्रान्समध्ये नव्ह शापेल, इटलीत कसिनो, ब्रह्मदेशात रंगून. बसऱ्याच्या स्मारकावर मात्र साध्या भारतीय शिपायांची नावे कोरलीच नाहीत, पलटणीखाली नुसती संख्या लिहिली. ज्याच्या घरात 'बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत' असे सांगतात त्याने दगडाचा फोटो मागवण्याआधी कमिशनच्या नोंदी पाहाव्यात, नाव असले तर तिथेच असेल.

हाती आलेले सगळे एका वहीत उतरवा: तारीख, ठिकाण आणि ते कशावरून कळले. शीट रोलमधले निळ्या शाईने, डायरीवरून ताडलेले पेन्सिलीने, आणि आजीने सांगितलेले तिच्याच शब्दांत, तिच्या नावासह. ज्या महिन्यांचे काहीच मिळाले नाही, त्या ओळी कोऱ्या सोडा.