पोकलेनसाठी लो-बेडच का मागवला

बुटीबोरीहून कोराडीला २० टनी पोकलेन न्यायचं होतं. दारात आला साधा फ्लॅटबेड, म्हणजे सपाट, उघड्या पाट्याचा ट्रेलर. त्याचा पाटा जमिनीपासून साधारण दीड मीटर, त्यावर ३ मीटरचं मशीन. साडेचार मीटर उंची घेऊन वायरींखालून जायचं? ड्रायव्हरदादांना नम्रपणे परत पाठवलं आणि लो-बेड मागवला. त्याचा पाटा जेमतेम मीटरभर, त्यामुळे अर्धा मीटर वाचला, रॅम्पचा चढही सौम्य झाला. बूम (मशीनचा लांब हात) खाली टेकवून चारही बाजूंनी साखळ्या ताणल्या.

सळयांना मात्र फ्लॅटबेडच हवा. त्या १२ मीटर लांब असतात, ४० फुटी पाट्यावर नेमक्या बसतात आणि क्रेनने वरून उतरवता येतात. नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्र्यांना तर ट्रेलर नकोच. क्रेटमधून हवा खेळती राहील असा ट्रक बघा.